प्रज्वलचे एकशे सदतीस मेल

मांजर्ली, बदलापूर (पश्चिम)
४ जानेवारी २०२५

चि. किर्तीस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र कुणाचं ते अक्षरावरूनच तुझ्या लक्षात आलं असेल. न वाचता टाकून दिलंस तरी माझी तक्रार नाही. पण एवढं वाचलं असशील तर पुढचंही वाच.

तुझी सासू बनूबाई १७ नोव्हेंबरला गेली. किडनीचं दुखणं होतं, शेवटचे दोन महिने फार हाल झाले. तुला निरोप पाठवायचा धीर मला झाला नाही. सात वर्षांत आपला एकमेकांशी शब्द नाही, आणि पहिला शब्द मरणाचा कसा सांगायचा, असं करत दिवस गेले.

आता माझं काम सांगतो. प्रज्वल ओमानला जाताना घरात कंप्युटर ठेवून गेला होता, तो अजून चालतो. कारखान्यात प्रेस मशीनवर अठ्ठावीस वर्षं काढून माझे कान गेले. फोनवर मला त्याचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून तो मला मेल लिहायचा. मेल कसा उघडायचा, उत्तर कसं टाईप करायचं, हे तूच मला शिकवलंस. तो आपल्यातून गेल्यावर ते मेल मी रोज सकाळी चहा घेताना वाचायचो. केबलवाल्याची कंपनी बंद पडली, नेट गेलं, तरी मेल होते.

डिसेंबरमध्ये एक दिवस कंप्युटरवर इंग्रजीत खिडकी आली. जागा कमी आहे, मेल आवळून ठेवू का, असं काहीतरी. मी हो वर दाबलं. पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि लाईट गेली. परत चालू केला तर पेटी रिकामी. शून्य मेल. खाली बाजारपेठेत एकाला दाखवला, तो म्हणाला, "काका, खराब झालाय, फॉरमॅट मारतो, नव्यासारखा होईल." मी उचलून घरी आणला.

तू हेच कंप्युटर दुरुस्तीचं काम करतेस असं ऐकलं. पालेगावच्या इमारतीचं नाव मला प्रज्वलच्या फ्लॅट बुकिंगच्या कागदावरून माहीत होतं. तू तिथेच राहतेस हे हिरामणने सांगितलं. तो आपल्या शेजारचा रिक्षावाला, त्याच्यावर रागवू नकोस.

मेल परत मिळतील का, एवढंच सांग. नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझा,
आनंदा गमरे

*

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१४ जानेवारी २०२५

श्री. आनंदा गमरे यांस,
जयभीम.

आई गेल्याचं तुमच्या पत्रातून कळलं. वाईट वाटलं. त्यापुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून कामाचं लिहिते.

पत्र मिळताच पहिली गोष्ट करा. कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवा आणि पुन्हा चालू करू नका. बघण्यासाठीसुद्धा नाही. मेल पुसले गेले म्हणजे लगेच नाहीसे होत नाहीत. कुठला मेल कुठे आहे याची नोंद तेवढी जाते, मजकूर डिस्कवर पडून असतो. पण मशीन चालू केलं की ते स्वतःचं काहीबाही लिहीत राहतं, आणि ते नेमकं मेलच्या जागेवर लिहिलं गेलं तर मग काही मिळत नाही. फॉरमॅट करू दिलं नाहीत ते बरं केलंत.

दुसरीकडे कुठे प्रत नाही. त्या केबलच्या खात्यात जागा फार कमी होती, म्हणून मेल घरी उतरला की कंपनीकडची प्रत पुसली जाईल असं मीच लावून दिलं होतं. तेव्हा ते सोयीचं वाटलं.

मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका दुकानात काम करते. बंद पडलेल्या डिस्कवरून लोकांचे फोटो, कागदपत्रं काढून देणं हेच माझं काम आहे. तुमचा नुसता डबा पाठवा, मॉनिटर नको. काय निघेल ते सांगता येत नाही.

मीही पत्रच लिहिते आहे, कारण फोन तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि मला माझा नंबर द्यायचा नाही. शलाकाला यातलं काही माहीत नाही. ती अकरा वर्षांची आहे, सहावीत.

किर्ती

*

मांजर्ली, बदलापूर
२० जानेवारी २०२५

चि. किर्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं त्याच मिनिटाला प्लग काढला. हिरामणबरोबर डबा पाठवतो आहे. बनूच्या लुगड्यात गुंडाळला आहे, लुगडं परत पाठवायची गरज नाही.

२०१९ साली आमच्या इथे नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा बनूने धान्याचे डबे तसेच सोडले आणि आधी हा कंप्युटर उचलून तिसऱ्या मजल्यावर इंदुबाईंकडे नेला. तिला वाचता येत नव्हतं. पण मी वाचायला बसलो की ती शेजारी वेताचा मोडा घेऊन बसायची. मी वाचून दाखवायचो. माझाच आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी फार मोठ्याने वाचतो असं ती म्हणायची. शेजारच्यांना प्रज्वलचे मेल पाठ झाले असतील.

एक विनंती आहे. मार्च २०१८ मधले काही मेल निघाले, तर ते तू वाचू नकोस. छापून पाकिटात बंद करून दे. बापलेकाचं बोलणं आहे, दुसरं काही नाही.

शलाका सहावीत गेली. माझ्या डोळ्यांसमोर ती चार वर्षांचीच आहे.

तुझा,
आनंदा गमरे

*

पालेगाव, अंबरनाथ
१० फेब्रुवारी २०२५

श्री. आनंदा गमरे यांस,
जयभीम.

मेल मिळाले. सगळे नाही. प्रज्वलचे एकशे सदतीस निघाले, त्यातले बावीस अर्धवट आहेत. तुम्ही पाठवलेले नव्वदच्या आसपास आहेत.

आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवली, मग प्रतीवर काम केलं. दुकानाचे मालक गोपभाई रोज येऊन बघायचे. "मॅडम, पुराना माल है, निकलेगा, थोडा थोडा निकलेगा," म्हणायचे. तसंच झालं. एका मेलचं डोकं एकीकडे आणि बाकीचा मजकूर भलतीकडे, असे तुकडे पडले होते. यंत्र तुकडे शोधून देतं, जोडायचे आपल्यालाच. आणि जोडायचे तर वाचावे लागतात. तुम्ही वाचू नकोस म्हणालात, पण न वाचता ते काम होत नाही.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची त्याची पद्धत मी विसरले होते. एके ठिकाणी लिहिलं आहे, "बाबा, इथली वाळू इतकी बारीक की विजेच्या बंद पॅनेलच्या आत जाते. मी ब्रशने झाडतो, तुम्ही घड्याळ झाडायचा तसं." एकात विचारलं आहे, "शलाका चालताना अजून डावा पाय आत टाकते का? किर्तीला विचारलं तर ती घाबरेल, तुम्ही बघून कळवा." हे मला माहीत नव्हतं.

आणि १७ मार्च २०१८ चा मेल. तो असा आहे:

"बाबा, एक विचारायचं होतं. मला परत यायचं आहे. काम जमतं, एकटं राहणं जमत नाही. शुक्रवारी सुट्टीला सगळे झोपतात आणि मी खोलीच्या दारात बसून राहतो. किर्तीला अजून बोललो नाही. ती म्हणेल ये, आणि मग पुढचं टेन्शन एकटी घेईल. आधी तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात तर तिला सांगतो."

२० मार्चचं तुमचं उत्तरही निघालं. "इथे काही नाही. माझ्या कंपनीचं गेट बंद झालं ते तुला माहीत आहे. दोन वर्षं दात चावून काढ. मध्येच आलास तर लोक हसतील. येऊ नकोस."

पंधरा दिवसांनी, पाच एप्रिलला, साइटवरून परतताना त्यांची गाडी उलटली.

त्याला घरी आणलं त्या दिवशी सगळ्यांच्या देखत आई मला म्हणाल्या, "हिला फ्लॅट पाहिजे होता. हिच्या फ्लॅटपायी माझा पोरगा गेला." तुम्ही समोर खुर्चीत बसला होतात. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी मनातल्या मनात तुम्हाला त्यातून वगळलं होतं. सात वर्षं मी आईंवर राग धरला, तुमच्यावर नाही. आज कळतं की तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं. त्याला नको म्हणणारे तुम्ही होतात, आणि बोलणी मी खाल्ली.

छापलेले कागद तयार आहेत. कुणालातरी पाठवून घेऊन जा.

किर्ती

*

मांजर्ली, बदलापूर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. किर्ती,

तू लिहिलंस त्यातला एक शब्द खोटा नाही. उलट थोडं कमीच लिहिलंस. मला ऐकू आलं नव्हतं, पण चाळीस वर्षांच्या संसारात बनूचे ओठ मला वाचता यायला लागले होते. ती काय बोलली ते मला खुर्चीत बसल्या जागी कळलं होतं. उठून सांगायचं होतं की अगं, तिला काय बोलतेस, मी त्याला येऊ नकोस म्हणालो. नाही उठलो. पाच मिनिटं गेली, मग तास गेला. चौथ्या दिवशी तू पोरीला कडेवर घेऊन गेलीस. त्यानंतर ते बोलायला कुठली वेळ योग्य म्हणायची?

बनूलाही सांगितलं नव्हतं. मेल वाचून दाखवताना ते दोन मी गाळायचो.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि सावकाश, मला कळावं म्हणून ओठ नीट हलवत म्हणाली, "मग मी त्या पोरीला काय काय बोलले." बास, एवढंच. पुढे दोन दिवसांनी ती गेली. तिचं हे वाक्य तुला पोचवायचं होतं. त्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो, आणि कंप्युटरचं लिहीत बसलो.

आता एक विचारतो. त्यानंतर २९ मार्चला मी त्याला दुसरा मेल लिहिला होता. आठ दिवस मला चैन नव्हती. लिहिलं, "प्रज्वल, ये. मी चुकीचं लिहिलं." पाठवा असं लिहिलेलं बटण दाबलं. त्याचं उत्तर मला आलं नाही. पण त्याने ते वाचलं असणार, हे धरून मी आजवर दिवस काढले. निदान जाताना त्याला माहीत होतं की बाप ये म्हणाला आहे.

तो मेल निघाला का? आणि त्याचं काही उत्तर, अर्धं का होईना, निघालं का? रागात असलीस तरी एवढं कळव.

आनंदा

*

पालेगाव, अंबरनाथ
५ मार्च २०२५

बाबांस,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. आईंचं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तुमचा २९ मार्चचा मेल निघाला. तो गेलेला आहे. त्याचं उत्तर मात्र मिळालं नाही.

आता माझं ऐका. त्या दिवसांत मी शलाकाला घेऊन माझ्या आईकडे उल्हासनगरला होते. २७ मार्चला प्रज्वलचा फोन आला. तुम्हाला विचारल्याचं काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, "किर्ती, मी आलो तर?" मी म्हटलं, आलो म्हणजे सुट्टीवर? तो म्हणाला, "नाही, कायमचा." मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "वेडा आहेस का, फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत तरी थांब, एक वर्षाचा तर प्रश्न आहे." तो हसला आणि शलाकाला फोन दे म्हणाला.

तो तुम्हाला लिहितो, ती म्हणेल ये. मी म्हटलं नाही.

आई मला बोलल्या तेव्हा मी उलट काही बोलले नाही ते यासाठी. त्या बोलत होत्या त्यात खोटं काही नव्हतं. मी हे कुणालाही, माझ्या आईलाही सांगितलेलं नाही. ज्या फ्लॅटसाठी त्याला थांब म्हटलं त्याच फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे.

मागच्या पत्रात तुम्हाला जे लिहिलं ते लिहायचा मला हक्क नव्हता.

किर्ती

*

मांजर्ली, बदलापूर
११ मार्च २०२५

चि. किर्तीस,
सप्रेम जयभीम.

गेलेला आहे, हे तुझे शब्द वाचले आणि बनूच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. तिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे तो येतच होता, किर्ती. उत्तर लिहायला वेळ झाला नसेल. कंपनीत अर्ज देत असेल, सामान बांधत असेल. तू फोनवर काय म्हणालीस ते मनाला लावून घेऊ नकोस. दोन दिवसांनी बापाचा ये गेला होता ना, त्याने तुझं बोलणं पुसलं गेलं असेल.

मी एक ठरवलं आहे. सहा एप्रिलला रविवार आहे. प्रज्वल आणि बनू दोघांचं पुण्यस्मरण घरी करतो. त्या दिवशी जे जे लोक घरात होते त्या सगळ्यांना बोलावणार आहे. वंदना झाली की मी उभा राहून तिन्ही मेल वाचणार. त्याचा, माझा नको म्हणाल्याचा, आणि माझा ये म्हणाल्याचा. सगळ्यांच्या देखत तुला बोल लागला, तो सगळ्यांच्या देखतच उतरला पाहिजे. तुझ्या फोनचं मी कुणाला सांगणार नाही, ते तुझं आहे.

तुला यायचा आग्रह नाही. तिन्ही मेल मोठ्या अक्षरांत छापून हिरामणकडे दे.

तुझा,
बाबा

*

पालेगाव, अंबरनाथ
२४ मार्च २०२५

बाबांस,
जयभीम.

कागद हिरामणकडे दिले आहेत, पण पाकीट उघडण्याआधी हे पत्र वाचा.

मी तुमच्याशी खोटं बोलले. २९ मार्चचा तुमचा मेल गेला नव्हता. तो पाठवलेल्या मेलमध्ये नाही. जायची वाट बघणारे मेल जिथे थांबतात, त्या पेटीत तो एकटा आहे.

का गेला नाही तेही मला माहीत आहे. तेव्हा केबलचं नेट दिवसातून थोडा वेळच नीट चालायचं. म्हणून मी असं लावलं होतं की तुम्ही 'पाठवा' दाबलं की मेल आधी त्या पेटीत थांबेल. मग वरचं दुसरं बटण दाबलं की थांबलेले सगळे मेल जातील आणि आलेले उतरतील. ते दुसरं बटण रोज संध्याकाळी मी दाबायचे. तुम्हाला ते कधी सांगितलंच नाही, कारण मी घरात होते. २३ मार्चला मी माझ्या आईकडे गेले. त्यानंतर ते कुणी दाबलं नाही.

२० तारखेचं तुमचं "येऊ नकोस" मीच पाठवलं, त्यात काय आहे ते न बघता. आणि "ये" राहिलं.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. २३ मार्च ते ५ एप्रिल या दिवसांत त्याने तुम्हाला काही लिहिलं असेल, तर ते तुमच्या कॉम्प्युटरवर उतरलंच नाही. ते कंपनीकडे राहिलं, आणि कंपनी बंद झाली. डिस्कवर ते शोधण्यात अर्थ नाही, कारण ते तिथे कधी आलंच नव्हतं. लिहिलं होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तुमचं फेब्रुवारीतलं पत्र वाचल्यावर हे लिहायला माझा हात धजला नाही. जो आधार धरून तुम्ही सात वर्षं काढलीत, तो काढून घेणारी मी कोण, असं वाटलं. पण तुम्ही चार माणसांत उभे राहून वाचणार आहात. माझ्यासाठी वाचणार आहात. तिथे मी दिलेली खोटी गोष्ट तुमच्या तोंडून जायला नको.

तुम्ही कार्यक्रम रद्द केलात तर मला समजेल. मला त्यातून काही नको आहे.

किर्ती

*

मांजर्ली, बदलापूर
८ एप्रिल २०२५

चि. किर्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी दार उघडलं नाही. हिरामण खिडकीतून जेवणाचा डबा ठेवून जायचा. तुझा राग आला का, असं विचारशील तर आला. मग वाटलं, खोटं बोलून तू मला तेरा दिवस दिलेस. बनूला सात वर्षं खरं न सांगून मी काय दिलं?

कार्यक्रम रद्द केला नाही. रविवारी सगळे आले. तीसेक माणसं होती. वंदना झाली. माझ्याबरोबर प्रेसवर असलेला धोंडिबा, त्याला समोर बसवलं होतं. माझा आवाज मला कळत नाही, म्हणून ठरलं होतं की फार मोठा झाला तर त्याने हात खाली करायचा, बारीक झाला तर वर करायचा.

प्रज्वलचा मेल वाचला. धोंडिबाने हात खाली केला. मग माझा वाचला. लोक हसतील, येऊ नकोस, हे वाचलं. सांगितलं की हे मी लिहिलं, आणि हे मला माहीत असताना या घरात माझ्या सुनेला बोलणी बसली, आणि मी गप्प बसलो. बनूला काही माहीत नव्हतं. तिचा दोष नाही.

मग तिसरा कागद घेतला. आधी सांगितलं की हा मेल गेला नाही, घरातच राहिला. आणि वाचला. "प्रज्वल, ये. मी चुकीचं लिहिलं. इथे काहीतरी बघू, दोघं मिळून बघू. आई वाट बघते. तिकीट काढ आणि तारीख कळव." धोंडिबाने हात वर केला. मी पुन्हा वाचलं. त्याने पुन्हा हात वर केला. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तो रडत होता, त्याने हात केलाच नाही. ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही.

तुझं ते बटण मी कुणाला सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही. तू घरात होतीस तेव्हा आमचे मेल जायचे आणि यायचे, मला एवढंच खरं वाटतं.

लोक काय बोलले ते मला कळलं नाही. बरेचसे लगेच उठून गेले. इंदुबाई मागे थांबल्या. त्या काहीतरी बोलत होत्या, पण मान खाली असल्यामुळे ओठ दिसेनात. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी नातीकडून लिहून घेतलं. कागद माझ्यापाशी आहे. लिहिलं आहे, "ती पोर चार दिवस या घरात होती, आम्ही कुणी तिला जेवलीस का म्हणून विचारलं नाही." त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय देणार नाही. देऊ का?

मीसुद्धा विचारल्याशिवाय येणार नाही.

तुझा,
बाबा

*

पालेगाव, अंबरनाथ
२७ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
जयभीम.

इंदुबाईंना पत्ता देऊ नका. त्यांच्यावर राग नाही, पण अजून नको. मांजर्लीच्या घराची पायरी चढणंही मला अजून जमेल असं वाटत नाही. ते जमेल तेव्हा मी आपणहून कळवीन. तुम्ही त्या दिवशी काय केलंत ते वाचून मी दुकानातून लवकर घरी आले, आणि कुणाला काही न सांगता पडून राहिले.

शाळेला सुट्टी लागली आहे. शलाकाला मी सगळं सांगितलं. तुमचं, आईंचं, माझ्या फोनचंही. तिने फक्त वडिलांचे मेल मागितले. वडिलांचा आवाज तिला आठवत नाही. चार वर्षांचं पोर, फोनवर काय ऐकलं असेल.

पाच दिवस ती ते कागद घेऊन बसली होती. "माझ्या बाबांची स्पेलिंग माझ्यापेक्षा वाईट आहे," म्हणाली. तिच्या डाव्या पायाचं जिथे लिहिलं आहे, त्या पानावर तिने पेन्सिलने तारीख टाकली. तो पाय कधी सरळ झाला ते मला विचारलं, मला सांगता आलं नाही. बघून कळवायला त्याने तुम्हाला सांगितलं होतं, तुम्हाला आठवत असेल.

काल सगळे वाचून संपले. १७ मार्चचा वाचला, पान उलटलं, मागे कोरं होतं. मला म्हणाली, "आई, पुढचा कुठे आहे?"

मी म्हटलं, एवढेच आहेत.

"पण त्यांनी विचारलंय ना. म्हणजे पुढचा असणार."

मी स्वयंपाकघरात निघून गेले. थोड्या वेळाने ती आत आली आणि ओट्याशी उभी राहून म्हणाली, आजोबांना विचारू या, त्यांना माहीत असेल.

तुम्ही या. पुढच्या रविवारी हिरामणला घेऊन या, चौथा मजला आहे, लिफ्ट चालू आहे. ती बोलेल तेव्हा तुमच्यासमोर बसायला आणि सावकाश बोलायला मी तिला सांगून ठेवलं आहे. तिला वडिलांबद्दल खूप विचारायचं आहे, बाबा, आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगून संपलं.

किर्ती